कमीवाला प्लॅन

आसराबाईने गवारीची शेंग मोडता मोडता आतल्या खोलीचा कानोसा घेतला, उठली, आणि भिंतीवरच्या नेटच्या डब्याची पिवळी वायर चिमटीत धरून हळूच बाहेर ओढली. फार नाही, नखभर. डब्यावरचा हिरवा दिवा गेला आणि लाल लुकलुकायला लागला. ती परत परातीशी येऊन बसली आणि पुढची शेंग उचलली.

आत तिची सून रेणू कानाला हेडफोन लावून बोलत होती.

"हो सर, मिक्सरच्या भांड्यातून पाणी गळतंय, मी तक्रार लिहून घेते... हॅलो? सर? माझा आवाज येतोय का?"

येतोय कसला! थोड्या वेळाने रेणू हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आली. तोंड उतरलेलं.

"गेलं का गं परत?" आसराबाईने विचारलं.

"गेलं."

"बाई बाई बाई, काय मेलं हे नेट! जिवाला नुस्ता ताप. थांब, मी बघते."

आणि ती खरंच उठली, डब्यापाशी गेली, वायर काढली, फुंकली, परत लावली. लगेच नाही, दम धरून. एवढ्यात तो मिक्सरवाला संतापून फोन ठेवून देणार आणि पुण्याच्या कंपनीतल्या मॅडमना कळणार की रेणूचं नेट आजही गेलं, एवढा हिशेब आसराबाईला आता चांगला जमत होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईची ही अक्कल कुणी पाहिली असती तर थक्क झाला असता. पण पाहणार कोण? नवरा त्रिंबक दारात बाजेवर घोरत होता आणि नात शितू शाळेत गेली होती.

करणला, म्हणजे आसराबाईच्या एकुलत्या एका मुलाला, जाऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं. कावीळ झाली, इलाज झाले, आणि पोरगा हातचा गेला. त्रिंबकच्या वडिलांपर्यंत या घरात मेंढरं होती. त्रिंबकने मात्र जन्मभर भोकरदनच्या बाजारात पोती उचलली आणि गुडघे गेल्यावर बाज धरली. आता घर चालत होतं रेणूच्या जिवावर. कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाचा पंखा फिरेनासा झाला, की लोक पुण्याच्या एका कंपनीला फोन करत, आणि तो फोन भोकरदनच्या या दोन खोल्यांत येऊन वाजे. रेणू शिव्या खाऊन गोड बोलत असे. मोबाईलला रेंज घ्यायची तर गच्चीवर जावं लागे, म्हणून सगळी भिस्त त्या भिंतीवरच्या डब्यावर.

मग आसराबाई आपल्याच हाताने आपल्याच भाकरीवर माती का टाकत होती? तर दसऱ्याच्या सुमारास रेणू भाजी निवडत बसली होती आणि नेटवर जोडलेला मोबाईल स्पीकरवर होता. मॅडम म्हणाल्या, "रेणू, तू पुण्यालाच ये आता. तुला दहा मुलींवर हेड करते. मुलीच्या शाळेचंही बघू आपण." आसराबाई कणीक मळत होती. रेणू काय उत्तर देते ते ऐकायला तिचा जीवच धजेना. पिठाचे हात तसेच घेऊन ती परसात गेली आणि पोट भरलेल्या शेळीला उगीच पाला टाकत बसली. परत आली तोवर फोन संपला होता. रेणू काही बोलली नाही आणि हिने विचारलं नाही.

त्या रात्री शितू नेहमीसारखी आजीच्या कानाची पाळी धरून झोपली. ती पोर कानाची पाळी हातात आल्याशिवाय झोपतच नसे. आसराबाई छताकडे बघत पडून राहिली. पोरगा गेला. आता त्याचं लेकरूही पुण्याला गेलं तर या घरात आपण दोघांनी एकमेकांची तोंडं बघून काय करायचं, हे तिला काही केल्या सुचत नव्हतं.

त्यानंतर कापसाच्या एका गाडीने गल्लीतली वायर तोडली. नोमान जोडायला आला. नोमान हा नेटवाला, आणि करणच्या वर्गातला. जाताना त्याने आसराबाईला समजावलं, "मावशी, लाल लाईट लागला ना, की ही पिवळी वायर काढायची अन् परत लावायची. टक आवाज आला पाहिजे. दरवेळी मला नका बोलावू." ती ध्यानात ठेवणारी बाई. काढली की बंद आणि लावली की चालू, एवढं तिला पुरलं. काम नीट झालं नाही तर कंपनी रेणूला काढून टाकेल, मग पुण्याचं नावच निघणार नाही. चटणी-भाकर खाऊ, अंगणवाडीत जागा निघणार म्हणतात तिथं तिला लावू, पण लेकरू डोळ्यांपुढं राहील. असं सगळं तिचं ठरलं होतं.

आणि कुणाला संशय आला नसता. बिलाने घोटाळा केला.

"नेट रोज बंद अन् बिल बराबर चालू!" त्रिंबक त्या दुपारी झोपेतून उठला तो हेच म्हणत. "बोलवा त्या नोमानला. म्हनावं नीट कर, न्हाईतर कमीवाला प्लॅन लाव. फुकट पैसा खाऊन राह्यले."

"राहू द्या की," आसराबाई म्हणाली. "मी लावते ना वायर."

"तू काय इंजिनेर हायेस का?"

त्रिंबकने गच्चीवर चढून, गुडघ्यांना शिव्या देत, स्वतः फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोमान आला. गाडी दाराशी लावून त्याने आधी खांबावरचा जोड पाहिला, मग पट्ट्याची पिशवी घेऊन आत आला.

"सलाम काका. तब्येत कशी?"

"तब्येतीचं सोड. तुमचं नेट माझ्यापेक्षा जास्त झोपून राह्यलंय."

नोमान हसला. त्याने डब्यातून वायर काढून आपल्या हातातल्या यंत्राला लावली, आकडा पाहिला, मान हलवली.

"बाहेरून तर बराबर येऊन राह्यलंय. खांबावर बी काही न्हाई." त्याने गच्चीवर जाऊन ऑफिसला फोन लावला आणि जिन्यातून उतरता उतरता बोलत राहिला. "बघ रे जरा, कधी कधी जातंय ते... दुपारी? रोज दुपारीच? ... अन् रविवारी? ... बिलकुल न्हाई?"

आसराबाई चुलीपाशी होती. तिने चहाखालचा जाळ उगीच पुढे सारला. रविवारी रेणूला सुट्टी असते, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि नोमानलाही.

तो शेवटच्या पायरीवर जरा थांबला. मग डब्यापाशी येऊन खाली वाकला आणि वायरचं टोक उजेडाकडे धरलं. टोकाची खिटी सारखी काढून घालून सैल झाली होती. तिच्या खाचेत पीठ बसून वाळलं होतं. नोमानने ते नखाने खरवडलं, बोटावर घेतलं, आणि चुलीकडे पाहिलं. आसराबाईने भाकरीच्या पिठाचे हात पदराखाली घेतले.

"मावशी, लाल लाईट लागला की वायर तुम्हीच लावता ना?"

"तूच शिकवलंस."

"हाव. मीच शिकवलं," नोमान म्हणाला.

त्याच वेळी रेणू आतून दारात येऊन उभी राहिली. आज तिने हेडफोन लावले नव्हते.

"काय निघालं नोमानभाऊ?"

आसराबाईचा जीव टांगणीला लागला. रेणूने हे ऐकलं तर ती या घरात एक दिवस राहायची नाही, आणि राहिली तरी पुन्हा कधी आपल्याला आत्याबाई म्हणायची नाही.

"उंदीर, वहिनी," नोमान म्हणाला. "उंदीर वायर हालवून राह्यला होता."

"आमच्या घरात मांजर हाय," त्रिंबक बाजेवरून म्हणाला.

"मंग मांजरानं ओढली असंल काका. खेळतंय ते वायरीशी."

"हात् तिच्या! अन् बिल मी भरून राह्यलो!"

त्रिंबक आपल्याच बोलण्यावर खो खो हसला. नोमानही हसला. रेणू हसली नाही. तिने वायरकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. आसराबाईला एकदम इतकं हलकं वाटलं की चहात साखर टाकली का नाही, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. आता बास, तिने मनात म्हटलं. आता देवाशप्पथ हात लावणार नाही. पोरीला करू दे काम.

नोमानने टोक कापून नवीन बसवलं. टक आवाज आला. हिरवा दिवा लागला आणि हललाही नाही.

"झालं वहिनी. आता न्हाई जायचं. करा बिनघोर काम."

"चांगलं झालं," रेणू म्हणाली. "आता तो प्लॅन तेवढा कमीवाला करून द्या."

"बराबर बोलली सून!" त्रिंबकने मांडीवर थाप मारली. "मी कालपासून हेच सांगून राह्यलो."

नोमान मोबाईलवरून प्लॅनची यादी खाली सरकवत म्हणाला, "वहिनी, कमीवाल्यात तुमचं काम न्हाई चालायचं. फोन मधीच अडकंल. हा आत्ताच्या प्लॅनच्या खालचा घ्या, जरा..."

"न्हाई, सगळ्यात कमीचा. मामांना बातम्या बघता आल्या अन् रोज एकदा व्हिडिओवर बोलता आलं की झालं."

"कुणाशी बोलता?" त्रिंबकने विचारलं.

रेणूने पदर सावरला. ती उंबऱ्यावरच बसली, दोन्ही हात मांडीवर घेऊन.

"मामा, मला पुण्याला जावं लागतंय. घरून काम बंद केलंय माझं. काल संध्याकाळी मॅडमचा फोन आला होता."

त्रिंबकचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

"कामून?"

"कामून म्हणजे काय मामा? रोज फोन तुटतोय. लोक तक्रारीची तक्रार करायला लागले. त्यांनी दिवाळीपासून ऐकून घेतलं. आता म्हणतात, तुझ्या गावात नेट टिकत न्हाई, तर इथं ऑफिसात येऊन बस. न्हाईतर सोड." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सोडून कसं चालंल? शितू हाय."

"पण आता झालं ना नीट!" त्रिंबक बाजेवरून उठायला गेला आणि गुडघा धरून परत बसला. "सांग तिला. हा नोमान हाय साक्षीला. सांग, उंदीर होता म्हनावं."

"आता सांगून काय होणार मामा? काल लई विनवलं. घरून करायच्या माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली पण त्यांनी."

चुलीवर चहा उतू जाऊन विस्तव चरचरला. आसराबाईने पातेलं उघड्या बोटांनी उतरवलं. चटका बसला तरी तिने हात झटकला नाही.

"मला जायचंच नव्हतं," रेणू म्हणाली, आणि आता तिला रडू आवरलं नाही. "दसऱ्यालाच मॅडम म्हणल्या होत्या, ये, तुला हेड करते. पगार वाढवते. मी तोंडावर नको म्हणले. म्हणले, माझे सासूसासरे इथं हायेत, लेकरू आजीशिवाय झोपत न्हाई. मी इथूनच करते. घरून करू द्या, बाकी काही नको. तेव्हा त्या हो म्हणल्या होत्या. म्हणल्या, ठीक आहे रेणू, तुझं काम चांगलं आहे, तू कायम घरूनच कर."

आसराबाईने पातेलं खाली ठेवलं. कुठे ठेवलं ते तिला कळलं नाही. ते अर्धं पाटावर आणि अर्धं बाहेर राहिलं, आणि थोडा चहा फरशीवर सांडला. तिच्या डोळ्यांपुढं परसातली ती शेळी आली आणि तो पाला आला. दोन मिनिटं. दोन मिनिटं दाराशी थांबून ऐकलं असतं. कायम घरूनच कर. एवढं ऐकलं असतं तर तिने त्या मॅडमला तिथूनच हात जोडले असते.

"शितूचा दाखला आज मागते शाळेत," रेणू डोळे पुसत म्हणाली. "कंपनीतल्याच एका मुलीशी खोलीचं बोललेय. सुट्टीत येऊ आम्ही."

"हाव," त्रिंबक म्हणाला. तो जन्मात कधी एवढ्या हळू बोलला नव्हता. "सुट्टीत तर यालच."

नोमान मोबाईल हातात धरून उभा होता. त्याने आसराबाईकडे पाहायचं टाळलं.

"मंग वहिनी... कमीवालाच टाकू?"

"टाका."

रेणूच्या मोबाईलवर प्लॅन बदलायचा ओटीपी नंबर यायचा होता, म्हणून ती गच्चीवर गेली. वरून तिने एक एक आकडा मोठ्याने सांगितला, आणि नोमानने खाली दाबला. "झालं," तो म्हणाला. पिशवी उचलली आणि चहा न घेताच निघाला. एरवी आसराबाईने त्याला चहाशिवाय सोडला नसता.

तो गाडी वळवत होता तेव्हा ती फाटकापाशी आली. पायात चप्पल नव्हती.

"नोमान."

"हां मावशी."

तिला काहीतरी वेगळंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. ती म्हणाली, "तो पहिलावाला प्लॅनच ऱ्हाऊ दे. मोठा. कमीवाला नको."

"मावशी, बदलून झाला. तुमच्यासमोर तर..."

"मंग परत बदल. बिल मी बघते. शेळी इकीन." ती फाटकाचा गज धरून उभी होती. "तिला तिकडं न्हाई जमलं, अन् ती माघारी आली, तर ह्या कमीवाल्यावर तिचं काम व्हईल का?"

नोमानने गाडी बंद केली.

"काम न्हाई व्हायचं मावशी. बोलायला पुरंल."

"बोलायला."

"हाव. शितूचं तोंड बराबर दिसंल. रोज बोला." तिचा चेहरा पाहून तो घाईने पुढे म्हणाला, "अन् वहिनी आल्या माघारी, तर मी येऊन मोठा करून देतो की. एका फोनचं काम हाय. येतील त्या. सहा महिन्यांत कंटाळतील पुण्याला. माझी चुलतबहीण बी गेल्ती, आली परत."

आसराबाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"खरं बोलून राह्यलास," तिने विचारलं, "का मला बरं वाटावं म्हनून?"

नोमानने हेल्मेट डोक्यावर चढवलं. पट्टा लावायला त्याने बराच वेळ घेतला. मग गाडी सुरू केली, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.